चार्ज यादीत नसलेली पोरं: शाळेत समता आणायची वर्षभराची कामं

दर 14 एप्रिलला आमच्याकडच्या शाळांत एक गोष्ट हमखास सांगितली जाते. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावांना बाकीच्या मुलांपासून वेगळं, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावं लागे, आणि शिपाई हजर नसेल तर पाणी मिळत नसे. मीही ती गोष्ट कितीतरी वर्षं सांगितली. एका वर्षी भाषण चालू असताना सहज मंडपाच्या मागे नजर गेली. पाहुण्यांसाठी पाण्याचे ग्लास भरत होत्या त्या दोघी मुली गावठाणातल्या. कार्यक्रमानंतर सतरंज्या झटकायला थांबवलेले चौघे खालच्या वस्तीतले. कोणी मुद्दाम ठरवलं नव्हतं. ज्यांच्याकडे नियोजन होतं त्या गुरुजींना विचारलं, तर म्हणाले, "तीच पोरं नेहमी करतात सर, त्यांना सवय आहे."

हा लेख त्या सवयीबद्दल आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी काढलेल्या माणसाचा आहे, त्यामुळे उदाहरणं मराठवाड्याकडची, तांड्याची, ऊसतोडीची येतील. भिंतीवर "सर्व समान" लिहून घेणं सोपं असतं. शाळेत भेदभाव चालतो तो रोजच्या कामांच्या पाळीत, यादीत, बाकांवर आणि हजेरीत. तिथं हात घालायचा तर शाळेच्या वर्षाच्या क्रमाने घालावा, म्हणून तोच क्रम घेतला आहे.

जून, पहिला आठवडा: नुसतं बघायचं

एक 100 पानी वही घ्या. ती शाळेच्या दप्तरात दाखवायची नाही, तुमच्या खणात राहील. पहिला आठवडा कुणाला काही सांगू नका, फक्त नोंदी करा.

कोण कुठं बसतं, याचा वर्गाचा नकाशा काढा. कामं कोण करतं ते लिहा: झाडू, पाणी, घंटा, परिपाठाचं सूत्रसंचालन, गुरुजींचा चहा. हजेरी वस्तीप्रमाणे वेगळी करून बघा. महिन्याची सरासरी चांगली दिसते, पण तांड्याची पोरं बाजाराच्या दिवशी नसतात किंवा एकाच घरातल्या दोन बहिणी आलटून पालटून येतात, हे सरासरीत दिसत नाही. आलटून पालटून येणाऱ्या बहिणींचं कारण बहुतेक वेळा घरातलं तान्हं पोर असतं.

चौथी नोंद सगळ्यात जास्त बोचते. एका तासाला शेजारच्या वर्गाच्या बाईंना मागे बसवा आणि तुम्ही कुणाकुणाला प्रश्न विचारता, त्या नावांपुढे रेघा मारायला सांगा. माझी तशी नोंद झाली तेव्हा पाचवीच्या गणिताच्या तासात मी 22 प्रश्न विचारले होते. त्यातले 15 पहिल्या दोन बाकांवर गेले. मला तर वाटत होतं मी सगळ्या वर्गात फिरतो. फिरत होतो खरा, मागच्या बाकांशी जाऊन "गप बसा" म्हणायला.

कामाची पाळी

दुसऱ्या आठवड्यात शाळेतली सगळी कामं एका कागदावर उतरवा. मानाची आणि कमीपणाची, दोन्ही एकाच यादीत. पाहुण्यांना गुलाबपुष्प देणं, औक्षण, स्वागतगीत, फळ्यावर सुविचार, आणि त्याच यादीत वर्ग झाडणं, टाकी धुणं, सतरंज्या घालणं-काढणं. मग हजेरीच्या क्रमांकाने पाळी लावा. हजेरीत आधी सगळे मुलगे आणि मग सगळ्या मुली अशी पद्धत असेल तर ती आधी मोडा. आडनावाच्या अक्षराप्रमाणे सगळ्यांचा एकच क्रम करा. नाहीतर पाळी लावूनही रांगोळी मुलींच्या वाट्याला आणि घंटा मुलांच्या वाट्याला येते.

स्वच्छतागृह धुणं या यादीत घालायचं नाही. ते पोरांचं काम नाही. ग्रामपंचायतीमागे लागा किंवा शाळेच्या अनुदानातून माणूस लावा. "श्रमसंस्कार" म्हणून ते काम पोरांना देणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. तो संस्कार नेमका कुणाच्या पोरांवर होतो, हे वहीत आलेलंच असेल.

पाळीचा तक्ता दर्शनी लावा आणि त्यात शिक्षकांचीही नावं घाला. आमच्याकडे तक्ता लागला त्या आठवड्यात एक पालक आले. "आमच्या पोरीला झाडू मारायला शाळेत धाडलं नाही." मी त्यांना तक्ता दाखवला. शनिवारी माझी पाळी होती. ते काही बोलले नाहीत, पण शनिवारी सकाळी रस्त्यावर गाडी लावून मी खरंच झाडतोय का ते बघून गेले.

पंगतीचंही तसंच. पोषण आहार वाढायच्या आधी शिक्षकाने चव घ्यायची असतेच. तेवढ्यावर थांबू नका, आठवड्यातून दोनदा तरी पंगतीत, पोरांच्या ओळीत, खाली बसून जेवा. स्वयंपाकी ताई कुठल्या समाजाच्या आहेत यावरून काही घरांतून अचानक डबे येऊ लागतात. तेव्हा सभा घेऊन भाषण केलं की तेढ वाढते. डबे घेऊन येणाऱ्यांना त्याच ओळीत बसू द्या, तुम्ही ताईंच्या हातचं मागून घेऊन खा, आणि हे महिनाभर न बोलता चालू ठेवा. पोरं खिचडीच्या वासापुढे फार दिवस टिकत नाहीत.

याद्या कपाटात ठेवा

"एससी, एसटी, व्हीजेएनटीची पोरं उभी राहा." हे वाक्य आपण सगळ्यांनी वर्गात उच्चारलेलं आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज, उपस्थिती भत्ता, काहीही असो, घाई असते आणि पोरं उभी करून मोजणं सोपं जातं. त्या पोरांसाठी मात्र ती वर्षातून पाच-सहा वेळा होणारी ओळखपरेड असते. मुलींच्या उपस्थिती भत्त्याचा दिवसाला 1 रुपया, आणि तेवढ्यासाठी चाळीस जणांसमोर उभं राहायचं.

जात जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या प्रवेशनोंदवहीत, आहे. वर्गात विचारायची गरज नाही. चिठ्ठी घरी द्या, पालकांना ऑफिसात बोलवा, किंवा सगळ्याच वर्गाला एकेक करून बोलवा आणि त्यातच ते काम उरका. जात, उत्पन्न किंवा अपंगत्व लिहिलेली कोणतीही यादी ऑफिसच्या कपाटाबाहेर जाणार नाही असा नियम करा. हल्ली याहून वाईट प्रकार होतो: लाभार्थ्यांच्या यादीचा फोटो, बँक खाते क्रमांकासकट, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. तो ग्रुप शाळेचा असेल तर आजच जुन्या याद्या काढून टाका.

खासगी शाळांत याचंच दुसरं रूप दिसतं. शिक्षण हक्क कायद्याच्या 12(1)(सी) कलमाखाली 25 टक्के जागांवर आलेल्या पोरांना "आरटीईवाले" हे नाव पडतं. 2024 च्या फेब्रुवारीत राज्याने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना या प्रवेशातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत तो बदल रद्द केला. म्हणजे ही पोरं येत राहणार आहेत. केंद्राच्या 2010 च्या नियमांत त्यांना वेगळं बसवायचं नाही, त्यांची शाळा वेगळ्या वेळी भरवायची नाही, पुस्तकं-गणवेश-वाचनालय-खेळ यांत भेद करायचा नाही, हे स्पष्ट लिहिलेलं आहे. व्यवहारात भेद होतो तो सहलीत, स्नेहसंमेलनाच्या ड्रेसमध्ये आणि "उद्या थर्माकोल आणि ग्लिटर पेन आणा" यात. दुकानातून आणायच्या वस्तूंचा प्रकल्प देऊच नका. एवढ्या एका नियमाने अर्धा त्रास जातो.

दाखल करताना कागद अडवू नका

जन्माचा दाखला नाही, जुन्या शाळेचा दाखला नाही, आधार नाही. तिन्हीपैकी कशावरूनही प्राथमिक शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षण हक्क कायद्यात वयाच्या पुराव्याचं कलम 14, दाखल्याचं कलम 5. आधारबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात शाळाप्रवेशासाठी सक्ती नको असं सांगितलं. आता संचमान्यतेला, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवायला, आधार लागतं म्हणून आपण घाबरतो, हे मला मान्य आहे. पण ज्यांचं आधार चुकतं ती नेमकी पाल टाकून राहणाऱ्यांची, वीटभट्टीवरची पोरं असतात. आधी दाखल करा, मग आधारच्या दुरुस्तीसाठी पालकांबरोबर तुम्ही स्वतः एकदा केंद्रावर जा. मजुराचा एक दिवस बुडतो. केंद्र बंद असलं तर दोन.

वय 10 आणि शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, अशा पोराला पहिलीत बसवू नका. कलम 4 प्रमाणे त्याला वयानुरूप वर्गात, म्हणजे चौथी-पाचवीत, घ्यायचं आणि मागचं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं. त्याला पहिलीत बसवलं की तो पंधरा दिवसांत जातो. लाजेने जातो.

जुलै: डोळे, कान, हात

आमच्या शाळेत एक मुलगा होता, सतत शेजाऱ्याच्या वहीत डोकावायचा. कॉपी करतो म्हणून मी त्याला दोन वर्षं बोललो, एकदा फटकाही मारला (पोरांना मारायला बंदी करणारं शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 तेव्हा आलेलं नव्हतं, पण ती काही सबब नव्हे). आरोग्य पथक आलं तेव्हा कळलं की त्याला फळाच दिसत नव्हता. शेजाऱ्याची वही हाच त्याचा फळा होता.

म्हणून जुलैत सगळ्या पोरांची साधी तपासणी स्वतः करा. अक्षरांचा तक्ता 6 मीटरवर, एकेक डोळा झाकून. पाठीमागे उभं राहून हळू आवाजात वस्तूचं नाव घ्यायचं आणि पोराने ते परत म्हणायचं, दोन्ही बाजूंनी. पेन्सिल कशी धरतो, बटण लावता येतं का, आधी बोलता येणारं उत्तर लिहिताना का हरवतं, या नोंदी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं. त्यांना एका दिवसात शेकड्याने पोरं बघायची असतात. तुमची यादी हातात असेल तर नेमक्या पोरांना वेळ मिळतो.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. विशिष्ट अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, थॅलेसेमिया, सिकलसेल हेही त्यात येतात. 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डाचं (दिव्यांगांच्या ओळखपत्राचं) काम लवकर सुरू करा. दहावीच्या परीक्षेत लेखनिक, जादा वेळ या सवलती शाळेमार्फतच मागायच्या असतात, आणि कागद नसल्याचं आठवतं ते अर्ज भरताना. गट साधन केंद्रात समग्र शिक्षाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना तुमच्या शाळेचा दिवस ठरवून घ्या. साहित्याच्या मोजमाप शिबिराला पोराला कोण घेऊन जाणार, हेही तेव्हाच ठरवा. पालक मजुरीवर असतात. कित्येक तीनचाकी सायकली केवळ मोजमापाला पोर आलं नाही म्हणून मिळत नाहीत.

उताराबद्दल थोडं सविस्तर, कारण तो सगळीकडे असतो आणि बहुतेक ठिकाणी चुकलेला असतो. प्रमाण 1 ला 12. ओटा 2 फूट उंच असेल तर उतार 24 फूट लांब हवा. अंगणात जागा नसेल तर मध्ये सपाट टप्पा ठेवून वळवायचा. आपल्याकडे दोन फुटाच्या ओट्याला सहा-आठ फुटांत उतार काढतात. ती मधल्या सुट्टीतली घसरगुंडी होते. व्हीलचेअर तिच्यावरून चढत नाही आणि उतरताना माणूस पालथा होतो. ठेकेदार काम करत असताना टेप घेऊन उभे राहा, सिमेंट वाळल्यावर बोलून उपयोग नसतो. आणि उतार संपतो तिथं स्वच्छतागृहाकडे जायची वाट आहे का, तेही बघा. एका शाळेत उतार उत्तम होता आणि संडासापुढे तीन पायऱ्या होत्या. ते पोर दिवसभर पाणी पीत नसे.

वर्गात एक खबरदारी. दिव्यांग पोराची मदतनीस म्हणून आपण हटकून एखादी "समजूतदार" मुलगी नेमतो, आणि ती वर्षभर तेच करते. मदतीचीही पाळी लावा. आणि मदत घेणाऱ्या पोरालाही पाळीच्या तक्त्यातलं एखादं खरं काम द्या. बौद्धिक अक्षमता असलेला आमचा एक मुलगा घंटा देतो. एक मिनिट इकडे-तिकडे झालं तर शिक्षकांना दारात येऊन सांगतो.

घरचा शब्द

पहिलीच्या पुस्तकात "आ" म्हणजे आई. तांड्यावरून आलेली मुलगी आईच्या चित्राकडे बघून "याडी" म्हणते. ती बरोबर आहे, गोरमाटीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, आईला याडी म्हणतात. आपण तिला चूक ठरवतो आणि ती पुढचे तीन महिने तोंड उघडत नाही. मेळघाटातल्या कोरकू, नंदुरबारच्या पावरी पोरांचं याहून अवघड असतं, कारण गोरमाटीत निदान बरेच शब्द कानाला ओळखीचे वाटतात.

करायचं एवढंच: चित्रांचा तक्ता, प्रत्येक चित्राखाली दोन रकाने, एकात घरचा शब्द, एकात पुस्तकातला, दोन्ही देवनागरीत. घरचे शब्द पोरांकडूनच घ्या, तुमचे उच्चार चुकले की ती हसतील, हसू द्या. पहिले तीन-चार महिने उत्तर कुठल्याही भाषेत चालेल. दिवाळीनंतर मराठीकडे वळवा. तांड्यावरचे पालक म्हणतात, "गुरुजी, आमची बोली घरी येतेच, तुम्ही मराठी शिकवा." त्यांचं म्हणणं रास्त आहे, त्यांना तहसीलमध्ये जाऊन कसं वागवलं जातं ते माहीत असतं. त्यांना सांगा की मराठीच शिकवायची आहे, फक्त वाट घरून निघते.

आणि "न्हाई", "व्हतं" म्हणणाऱ्या पोराची नक्कल करू नका. लिहिताना दुरुस्त करा. बोलताना सोडून द्या.

वस्तू हरवली तर

ही माझी लाजेची गोष्ट आहे. वर्गात एका मुलीची कंपासपेटी हरवली. मी दप्तरं तपासायला घेतली आणि सुरुवात पारधी वस्तीवरच्या मुलापासून केली. का, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. पेटी दुसऱ्या दिवशी तिच्या घरीच सापडली. मुलगा तीन आठवडे शाळेत आला नाही. त्याच्या आजीने मला ओट्यावर बसवून चहा दिला आणि म्हणाली, "पोलीस बी असंच करत्यात."

इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. तो शिक्का कायद्याने पुसला गेला 31 ऑगस्ट 1952 ला. आमच्या वर्गात तो अजून होता, आणि माझ्याच हातात.

तेव्हापासून नियम असा: दप्तर कुणाचंच तपासायचं नाही. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची पेटी दारापाशी, त्यात न बोलता वस्तू परत टाकता येते. तीन दिवस थांबायचं. बहुतेक वस्तू परत येतात, उरलेल्या कधी चोरीला गेलेल्याच नसतात.

"बायल्या" म्हणून चिडवल्या जाणाऱ्या पोराच्या बाबतीतही आधी स्वतःकडे बघा. शिक्षक हसला की वर्गाला परवानगी मिळते. मुसलमान पोरांच्या पालकांना सभेला बोलवायचं आणि सभा शुक्रवारी दुपारी ठेवायची, हेही आपल्याकडून न कळत होतं.

ऑगस्ट: समिती कागदावरून उठवा

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात, आणि वंचित व दुर्बल गटातल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. कागदावर हे सगळं असतं. मग बैठक सकाळी 11 वाजता लागते, मजुरीवाल्या बायका येत नाहीत, आणि रजिस्टर सह्यांसाठी घरोघर फिरतं.

बैठक संध्याकाळी 7 नंतर घ्या. तीन बैठकांपैकी एक तांड्यावर किंवा वस्तीत. सगळे खाली, सतरंजीवर. खुर्ची कुणालाच नाही, सरपंचांनाही नाही. पहिला विषय महिला सदस्यांनी मांडायचा, अशी रीत पाडा. पहिल्या दोन बैठकांत त्या म्हणतील, "तुमीच सांगा गुरुजी." तिसऱ्या बैठकीत एक बाई मला म्हणाल्या, पोरीचा संडास आतून बंद होत नाही, माझी पोरगी बाहेर मैत्रीण उभी करून जाते. मी त्या शाळेत चार वर्षं मुख्याध्यापक होतो. शंभर रुपयांची कडी.

दिवाळीच्या आधी: कोयता निघायच्या वेळी

आमच्या भागातली सगळ्यात मोठी विषमता दसरा-दिवाळीच्या आसपास ट्रॅक्टरमध्ये बसून निघून जाते. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली जोडपी ऊस तोडायला कारखान्यावर जातात, पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, पाच-सहा महिने. पोरं बरोबर जातात. जी जातात त्यांचं वर्ष जातं.

कामाला सप्टेंबरमध्येच लागा. गणपती उठले की वहीतली यादी घेऊन घरोघर जा आणि तीनच गोष्टी विचारा: कधी निघणार, कुठल्या कारखान्याला, पोरं कुणाजवळ राहणार. मुकादमाचा नंबर जरूर घ्या. आई-बापाचे नंबर बंद पडतात, मुकादमाचा पडत नाही.

आजी-आजोबा असतील तर पोरांना गावात ठेवायची खटपट करा. त्यासाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीमार्फत जातो. तो वेळेत गेला नाही तर जेवण सुरू होईपर्यंत पोरं गेलेली असतात, म्हणून ऑगस्टच्या बैठकीतच ठराव घ्या. आजीला काय लागेल तेही विचारा. एक आजी म्हणाली होती, "पोरं ठेवते, पण रात्री ताप आला तर मी कुठं जाऊ?" तिच्या घराला लागून राहणाऱ्या शिक्षकाचा नंबर भिंतीवर खडूने लिहून दिला, तेव्हा तिन्ही नातवंडं राहिली.

जी जाणारच, त्यांना शिक्षण हमी पत्रक (दुसऱ्या गावच्या शाळेत दाखवायचं कार्ड) द्या, पुस्तकं दप्तरात घाला आणि कारखान्याजवळच्या शाळेला स्वतः फोन करा. पत्रक पोराच्या पिशवीत कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, पडून राहतं. फोन केला तर तिकडचे गुरुजी निदान उसाच्या फडावर चौकशी करतात. दहा-बारा वर्षांच्या मुलींकडे खास लक्ष द्या. त्या धाकट्याला सांभाळायला आणि भाकरी थापायला जातात. घरात तान्हं पोर आहे का, हे विचारलं की कोण जाणार ते आधीच कळतं.

नाव कमी करू नका. लांब गैरहजर म्हणून पटावरून काढलेलं पोर मार्चमध्ये दारात आलं तर ते आतच येत नाही. परत आल्यावर त्याला मागच्या बाकावर आणि "अप्रगत" गटात टाकू नका. 2015 च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमानंतर हा शब्द आमच्या तोंडात बसला आणि पोरंही स्वतःची ओळख तशीच करून देऊ लागली. "सर, मी अप्रगत." त्याऐवजी काय येतं ते बघा. सहा महिने त्याने उसाच्या वजनकाट्याची पावती वाचली आहे, टन आणि क्विंटल त्याला तोंडपाठ आहेत, बापाचा हिशेब मुकादमाच्या वहीशी ताडून पाहिला आहे. गणिताचा धडा तिथून सुरू करता येतो. भाषेसाठी वेगळा वेळ द्यावा लागतोच, रोज 40 मिनिटं तरी, आणि तो खेळाच्या तासातून कापू नका. खेळाच्या तासातच त्याला परत मित्र मिळतात.

मुली: कडी, बस, लग्न

कडीचं सांगून झालं. पाणी, झाकणाची बादली, आणि कपाटात पॅड, ज्याची किल्ली मुलींकडेच असेल. शाळेत बाई नसतील तर आशाताईंना महिन्यातून एकदा बोलवा आणि तो तास घेताना गुरुजींनी बाहेर जाऊ नये असं माझं मत आहे, मुलांनाही बसवावं. पहिल्यांदा सगळे खाली माना घालतात. दुसऱ्यांदा एक मुलगा विचारतो, "दुखतं का?"

सातवीनंतर गावात पुढचा वर्ग नसेल तर प्रश्न बसचा होतो. मुलींना एसटीचा मोफत पास आहे, सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींसाठी निळ्या बस आहेत. सातवीच्या निकालाआधीच पुढच्या शाळेच्या मुख्याध्यापकांशी बोला, मुलींना एकदा त्या बसने नेऊन आणा. घरच्यांची भीती बसथांब्यापर्यंतच्या वाटेची असते, तीन-चार मुलींचा गट झाला की ती कमी होते.

लग्नाची कुणकुण आधी मैत्रिणींना लागते. हंगामाच्या तोंडावर जोडीला उचल जास्त, म्हणून लग्नं उरकली जातात. 2006 च्या कायद्याखाली गावात ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत, आणि 1098 या बालकांच्या हेल्पलाइनवर कुणीही फोन करू शकतं. आधी घरी जाऊन बोला. ऐकलं नाही तर फोन करा, पण कुणी सांगितलं हे कधीही बाहेर येऊ देऊ नका. मैत्रिणीचं नाव फुटलं तर पुढच्या वर्षी कुणी सांगणार नाही.

मे: चार्ज

एप्रिलअखेर जूनची वही काढून पुन्हा तीच मोजणी करा: बाक, कामं, वस्तीप्रमाणे हजेरी, प्रश्नांच्या रेघा. माझ्या पाचवीत वर्षाअखेर पहिल्या दोन बाकांना 22 पैकी 9 प्रश्न गेले. मुलींची हजेरी सुधारली, तांड्याची बाजाराच्या दिवशीची नाही सुधारली. ते पुढच्या वर्षीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

मग बदली आली. चार्ज यादीत, म्हणजे नव्या मुख्याध्यापकांच्या ताब्यात द्यायच्या वस्तूंच्या यादीत, खुर्च्या 6, घंटा 1, पृथ्वीगोल 1 (फुटका), वजनकाटा 1 असं सगळं लिहून दिलं. नव्या मुख्याध्यापकांनी सही केली. मी खणातून वही काढून त्यांच्यासमोर ठेवली आणि पानं उलटत एकेक नाव सांगत गेलो. तिसरीतली ही, उजव्या कानाने कमी ऐकू येतं, हिला डावीकडे उभं राहून सांगा. हा मार्चमध्ये येतो, नाव कमी करू नका. ह्याच्या आजीकडे चहा घ्या. हा घंटा देतो. तुम्ही दिलीत तर त्याला राग येईल.